आप्पांची लंकेची तयारी

रणपिसे आप्पांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते खिडकीच्या गजाला वेणी घालत होते.

गजाला सुतळीचे तीन जाड पेड बांधलेले होते. साठी ओलांडलेला, उंचापुरा, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा हा माणूस जिभेचं टोक दातांत धरून एकेक पेड दुसऱ्यावरून घेत होता. मी दारात उभी होते. मान न वळवताच ते म्हणाले, "बस पोरी. एवढी एक पुरी करतो. खाली आली की सैल पडतीय. का पडतीय, तेच कळंना झालंय."

"आप्पा, तुम्ही एकच पेड ओढताय. तिन्ही सारखे ओढा."

त्यांनी घातलेली सगळी वेणी उसवली आणि पुन्हा वरून सुरुवात केली. या खेपेला ती सरळ, घट्ट उतरली. ती हातात धरूनच त्यांनी आत हाक मारली, "सुजाता, ये भाईर! जमली बघ!" त्यांची मुलगी कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिनं वेणी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "घरात एक दोरी शिल्लक ठेवली नाही यांनी. कपडे वाळत घालायला जागा नाही मला."

तिथल्या मुली दोन वेण्या घालून शाळेत जातात, एवढं एकच वाक्य आप्पांनी भन्तेजींच्या तोंडून ऐकलं होतं आणि तेवढ्यावर तयारीला लागले होते.

'तिथल्या' म्हणजे श्रीलंकेतल्या. त्सुनामीची लाट येऊन गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाची ही गोष्ट. लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बौद्ध विहाराने आई-बाप गेलेल्या मुलांसाठी घर उघडलं होतं. तिथले एक भन्तेजी दौंडच्या विहारात आले होते. मी शिरूरची, डी.एड. झालेली, एका बालवाडीत शिकवणारी. त्या दिवशी दौंडला आत्याकडं आले होते, म्हणून तिच्याबरोबर विहारात गेले. भन्तेजी इंग्रजीत बोलत होते आणि आयत्या वेळी मला मराठीत सांगायला उभं केलं होतं.

ते म्हणाले, "कपडे आले, तांदूळ आला. माणसंही येतात, रडतात, फोटो काढतात आणि जातात. आम्हाला राहणारी माणसं हवीत. एकानं लहान मुलांना शिकवावं, एकानं पडेल ते काम करावं. कोण येईल?" मी हे मराठीत सांगितलं आणि विहारभर हात वर झाले. मग भन्तेजींनी पुढचं वाक्य उच्चारलं, "तीन महिने." ते सांगताना माझा स्वतःचाच आवाज चढला होता, आणि समोरचे हात मात्र एकेक करून खाली येत होते. शेवटी सगळ्यात मागच्या रांगेत एकच हात राहिला. तो आप्पांचा. दुसरा माझा, बोलता बोलता वर गेलेला.

आप्पा मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. बायको जाऊन काही वर्षं झालेली. रेल्वेचं क्वार्टर सोडून गावात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, त्यात ते, सुजाता आणि जावई राहत. "तुम्हाला का जायचंय?" असं मी त्या पहिल्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "उमर गेली गाडीच्या शेपटाला बसून. इंजिन पुढं कुठं चाललंय, काय बघतंय, मला कवा दिसलं न्हाई. आता एकदा पुढं जाऊन बघतो." हे म्हणताना त्यांचे डोळे असे चमकले, की या माणसाबरोबर कुठंही जावं असं मला वाटलं.

माझ्या घरी मात्र वादळ उठलं. वडील सणसवाडीला कंपनीत कामाला. दोन ठिकाणांहून माझ्यासाठी विचारणा झालेली. परदेश, तोही समुद्रापलीकडं, आणि तेही एका अनोळखी म्हाताऱ्याबरोबर! आप्पांना हे कळलं, तसे ते दुसऱ्याच दिवशी शिरूरच्या एसटीत बसून आमच्या घरी हजर झाले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात पॉलिश केलेले बूट. वडिलांसमोर बसून त्यांनी चहा अर्धा संपवला आणि म्हणाले, "साहेब, मी काय तुमच्या पोरीला न्हेत न्हाई. पोरगी मला न्हेतीय. मला इंग्रजी येत न्हाई. इमानात बसायचं कसं ते ठावं न्हाई. तुमी तिला न्हाई म्हणलात तर माझं तिकीट कटलं."

वडील हसले. ते हसले, की त्यांचा नकार टिकत नाही हे आईला आणि मला ठाऊक होतं. "तयारी काय काय करावी लागेल?" त्यांनी विचारलं.

"ते तुमी माझ्यावर सोडा. गाडी सुटायच्या आधी गार्ड ब्रेक तपासतो. न तपासता झेंडी दाखवली, तर घाटात गेल्यावर कळतं. मी झेंडी दाखवायची घाई करनारा माणूस न्हाई."

हे वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं, की आमच्या तयारीचं ते ब्रीदच झालं.

आणि काय ती तयारी! पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले. त्यांनी आप्पांना खालून वर न्याहाळलं. "ह्या वयात परदेशात कशाला चाललाय?" आप्पा ताठ उभे राहिले. "भांडी घासायला." हवालदारांना वाटलं, थट्टा चाललीय. "इथं भांडी न्हाईत व्हय?" "हाईत की. पर ती घासायला सुजाता सोडंना मला." सुजाता दौंडलाच दवाखान्यात नर्स होती. तिनं वडिलांची तपासणी करून घेतली आणि रक्तात साखर निघाली. ती कागद घेऊन आप्पांसमोर बसली. "तिकडं आजारी पडलात, तर त्या पोरांनी तुमचं करायचं का? त्यांना आणखी एक माणूस सांभाळायला देताय तुम्ही." त्या दिवसापासून चहातली साखर गेली, जेवणानंतरचा गुळाचा खडा गेला, आणि सकाळी रुळांच्या कडेच्या वाटेनं त्यांचं चालणं सुरू झालं. दोन महिन्यांनी साखर खाली आली, तेव्हा तो कागद त्यांनी मला असा दाखवला, जणू परीक्षेत पहिला नंबर आला होता.

दर गुरुवारी मी शिरूरहून दौंडला यायची आणि आम्ही पुण्याची गाडी पकडायचो. विद्यापीठात शिकणारे लंकेचे एक तरुण भिक्खू आम्हाला सिंहली शिकवत. आप्पांना वाटलं होतं, भाषेनं आपली दमछाक होणार. पहिल्याच दिवशी कळलं, की भाताला 'बत्' म्हणतात, हाताला 'अत', दाताला 'दत'. आणि नाही म्हणायचं असेल तर 'नॅ'. आप्पा बाकावरून उठलेच. "नॅ? आवो, मग आमी न्हाई म्हणतो ते काय वायलं हाय? हे तर आपलंच गाव निघालं की!" परतीच्या गाडीत त्यांनी डब्यातल्या शेंगदाणेवाल्याला "नॅ, नॅ" करून लांब पाठवलं आणि मग भूक लागली म्हणून परत हाका मारून बोलावलं.

मुलांची सवय व्हावी म्हणून रविवारी शिरूरजवळच्या एका बालगृहात काम करायचं, ही कल्पनाही त्यांचीच. तिथल्या मुख्य सांभाळणाऱ्या कौसल्याबाई. मुलं त्यांना मोठ्या मावशी म्हणत. सावळ्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. आम्ही लंकेला जाणार म्हटल्यावर लोकांचे डोळे मोठे व्हायचे, तसे त्यांचे झाले नाहीत. त्यांनी मला मुलींच्या डोक्यातल्या उवा काढायला बसवलं आणि आप्पांना गाद्या उन्हात टाकायला सांगितल्या.

आप्पांनी गाद्या टाकल्या, पण त्यांचा जीव त्यात नव्हता. पुढच्या रविवारी ते चुरमुऱ्याच्या लाडवांची पिशवी घेऊन आले. व्हरांड्यात बसून त्यांनी तोंडानं इंजिनाची शिट्टी वाजवली, मग वाफेचा आवाज, मग पूल ओलांडतानाचा खडखडाट. मुलं अक्षरशः अंगावर चढली. महिन्याभरात ते 'गाडीवाले आजोबा' झाले. शिट्टी ऐकू आली, की जेवणाच्या पंगतीतून मुलं उठून पळायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. मी अक्षरं शिकवत असायची आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं खिडकीतून आप्पांकडं बघत असायची.

त्यांत एक पमी होती. पाच-सहा वर्षांची, मोठ्या डोळ्यांची. ती बोलायची नाही फारशी. आप्पा आले, की त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरायची आणि संध्याकाळपर्यंत सोडायची नाही. निघताना ते तिची मूठ सोडवायचे, गाल ओढायचे आणि म्हणायचे, "येतो बरं का गं."

एका रविवारी आप्पांच्या चुलत भावाकडं पाटसला लग्न होतं, म्हणून ते आले नाहीत. मीही त्या दिवशी आजारी होते. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा फाटकापाशी शिट्टी वाजवायच्या आधीच कौसल्याबाई सामोऱ्या आल्या. "आप्पा, जरा हिकडं या. मास्तरीणबाई, तुमी बी या."

स्वयंपाकघराच्या मागं धुण्याच्या दगडापाशी त्यांनी आम्हाला नेलं.

"गेल्या रविवारी पमी सकाळपास्नं फाटकात बसली. जेवायला आली न्हाई. उनात बसली. म्हणती, आजोबा येतो म्हणलेत."

"आवो, लग्न होतं घरात. मी…"

"तुमचं लग्न चुकीचं न्हाई. तुमी चांगलं मानूस हाय, ते बी मला दिसतंय. पोरीला बी दिसलं, म्हणूनच वाईट झालं. आप्पा, आपन मोठी मानसं घरातनं निघताना येतो म्हणतो, जातो म्हणत न्हाई. आपल्याला त्याचा अर्थ ठावं हाय. पर हितल्या पोरांना येतो म्हणलं, की ती वाट बघत्यात. येतो म्हणून गेलेली मानसं परत आली न्हाईत, म्हणून तर ती हितं हाईत."

आप्पांच्या हातातली लाडवांची पिशवी तशीच लोंबकळत होती.

"आन् आता तुमी लंकेत जाणार," कौसल्याबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागत होतं. "त्या पोरांचं एकदा सगळं पान्यात गेलंय. तीन म्हैनं तुमी त्येंना लळा लावणार. शिट्ट्या वाजवणार. मग पिशवी उचलून घरी येणार. तुमचं मन भरंल. त्येंचं काय?"

त्या दिवशी आप्पांनी गाद्या उन्हात टाकल्या आणि वाळल्यावर आत नेल्या. पमी सदऱ्याचं टोक धरून त्यांच्या मागं मागं फिरत होती आणि त्यांना तिच्याकडं बघवत नव्हतं. संध्याकाळी शिरूरच्या स्टँडवर दौंडची गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले.

"पोरी, तू जा लंकेला. मी न्हाई येत."

"आप्पा, पासपोर्ट आलाय तुमचा!"

"आला आसंल. ती बाई खरं बोलली. मी माझी हौस भागवायला चाललो होतो." गाडी हलली, न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली, आणि मी स्टँडवर तशीच उभी राहिले. घरी कुणाला काही सांगितलं नाही. आप्पा नसतील तर वडील पाठवणार नाहीत, हे तर होतंच. पण खरं सांगायचं, तर आप्पांशिवाय जाण्यात मलाच गंमत वाटेना.

ते चार-पाच दिवस वाईट गेले. मग एका दुपारी बालवाडी सुटताना फाटकाबाहेर आप्पा उभे दिसले. रविवार नव्हता, गुरुवार नव्हता. सदरा घामानं भिजलेला, मिशा मात्र वर वळलेल्या.

"मी आत्ता कौसल्याबाईकडनं येतोय," ते जवळजवळ ओरडलेच. "म्हणलं, बाई, रागवा, पर एक सांगा. मग मानसानं जाऊच नये का?"

"मग?"

"म्हणली, जावं की. पर पोरांसाठी जाऊ नये, पोरांचं बघनाऱ्या बायांसाठी जावं." आप्पा रस्त्यातच थांबून हातवारे करत सांगू लागले. "म्हणली, आमी पाच बाया. धुणं, भांडी, दळण, सैपाक, ह्यात दिवस संपतो. पोरगं मांडीवर यायला बघतं, तर आमचं हात राखंत. तुमी मांडी देऊ नका, तुमी धुणं धुवा. मग आमची मांडी मोकळी हुईल. आमी हितंच राहनार हाय. पोरांनी आमचा लळा लावून घेतला, तर तो मोडनार न्हाई." त्यांनी दम घेतला. "सांग आता. एवढी साधी गोष्ट! मी गजाला वेण्या घालत बसलो, आन् ब्रेक तपासायचाच ऱ्हायला!"

त्यानंतरचे दोन महिने आठवले, की मला आजही उठून कामाला लागावंसं वाटतं. आप्पांनी तयारी मुळापासून नव्यानं मांडली. दौंडला एका नळदुरुस्तीवाल्याच्या हाताखाली जाऊन ते वॉशर बदलायला शिकले. शिवणयंत्राचा पट्टा चढवणं, स्टोव्हची पिन काढणं, मच्छरदाणीला ठिगळ लावणं, विहिरीच्या मोटारीचा फ्यूज घालणं, जे दिसेल ते शिकायचं. "मास्तरीणबाई, आज गळका नळ बंद केला!" असा त्यांचा फोन आमच्या शेजारच्या दुकानात यायचा आणि दुकानदार मला गल्लीतून हाक मारायचा. मलाही त्यांनी सोडलं नाही. "तू गाणी शिकवून येशील. तू गेल्यावर ती कोन म्हणनार? तिथल्या बाईला शिकव, मग पोरं तुझ्या माघारी बी म्हनत्याल." मी माझी सगळी आखणी बदलली. मुलांचा वर्ग घेण्याऐवजी तिथल्या तरुण मुलींना वर्ग घ्यायला कसं शिकवायचं, त्याची तयारी करायला लागले.

आणि पमी? आप्पा दर रविवारी येत राहिले. पण आता लाडू यायचे ते कौसल्याबाईंच्या हातात, आणि वाटायच्या त्या. शोभा नावाची एक तरुण मावशी होती. तिच्या वाटणीचं धुणं आप्पा दगडावर आपटत बसायचे आणि शोभा व्हरांड्यात पमीला घेऊन बसायची. पहिले दोन रविवार पमी दगडापाशीच उभी राहिली. मग शोभानं गोष्ट सांगायला सुरुवात केली, की ती अर्ध्या वाटेवर जाऊन थांबायला लागली. मग एकदा ती शोभाच्या मांडीवर झोपून गेली. ओल्या कपड्यांचा पिळा हातात धरून आप्पा ते बघत होते. मला वाटलं, त्यांना कसंतरी झालं असेल. ते हळूच म्हणाले, "बघ, लागली गाडी फलाटाला."

निघताना ते पमीसमोर उकिडवे बसायचे आणि स्पष्ट सांगायचे, "मी जातो. पुढच्या रविवारी येनार हाय." त्यांच्या तोंडून 'जातो' हा शब्द पहिल्यांदा निघाला, तेव्हा शेजारची स्वयंपाकीणबाई चरकली. "आसं अभद्र काय बोलता आप्पा?" आप्पा म्हणाले, "खरं बोलतो. अभद्र न्हाई." शेवटच्या रविवारी त्यांनी सांगितलं, "आता लई लांब जातो. रविवारी यायचा न्हाई. शोभामावशी हितंच हाय." पमीनं मान डोलावली आणि विचारलं, "इमानात शिट्टी आसती का?"

निघायचा दिवस आला. मद्रासकडं जाणारी गाडी दौंडलाच थांबते, म्हणून सगळं विहार फलाटावर लोटलं होतं. माझे आईवडील, आत्या, सुजाता. कुणी हार आणले, कुणी जुन्या कपड्यांची गाठोडी. आप्पांनी एक गाठोडं उघडून पाहिलं, आतला फाटका परकर वर उचलला आणि परत आत ठेवला. "हे आपल्या पोरीला घालशील का? न्हाई ना? मग न्हे माघारी. ती पोरं दुःखात हाईत, भंगार गोळा करत न्हाईत." देणारा ओशाळला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याच हातून गळ्यात हार घालून घेतला. गाडी आली. लाल-हिरव्या झेंड्या घेतलेल्या ओळखीच्या गार्डानं मागच्या डब्यातून त्यांना सलाम ठोकला. आप्पा खिडकीतून ओरडले, "ब्रेक बघितला का रे?" सगळा फलाट हसला. आईनं डोळे पुसले आणि मी खिडकीतून हात हलवत राहिले.

मद्रासहून विमानात आम्हाला जागा मिळाल्या त्या सगळ्यात मागच्या रांगेत. "घ्या! हितं बी शेपटाला," म्हणत आप्पा इतके हसले, की हवाई सुंदरी विचारायला आली. कोलंबोच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं त्यांची बॅग उघडायला लावली. आत दोन सदरे आणि खाली पाने, पक्कड, वॉशरांच्या पुड्या, शिवणयंत्राचे पट्टे. "तुम्ही पर्यटक?" त्यानं इंग्रजीत विचारलं. मी सांगायच्या आत आप्पांनी सिंहलीत उत्तर दिलं, "नॅ." आणि धुणं आपटल्यासारखे हात करून दाखवले.

तिथल्या तीन महिन्यांवर वेगळं लिहावं लागेल. एवढंच सांगते, की पहिले काही आठवडे आप्पांनी एकाही मुलाला उचलून घेतलं नाही. विहिरीवर धुणं, नारळ सोलणं, पत्र्याची गळती बुजवणं. पुंची अम्मा नावाची तिथली मुख्य बाई पहिल्या दिवशी त्यांच्याकडं संशयानं बघत होती. शिवणयंत्र सुरू झाल्यावर तिनं त्यांना ताटात दुसऱ्यांदा बत् वाढला. दुपारी ती मुलांना घेऊन नारळाच्या सावलीत बसायला लागली. असं पूर्वी बसायला मिळायचं नाही, असं तिनं मला सांगितलं. एका सकाळी ती तापानं पडली आणि शाळेची गाडी फाटकात उभी. तेव्हा मात्र आप्पांनी मुलींना ओळीनं बसवलं आणि एकेकीच्या दोन-दोन वेण्या घातल्या. मालगाडीच्या साखळीसारख्या पक्क्या. मुली एकमेकींच्या वेण्या ओढून बघत होत्या, "सीया, सीया" म्हणून खिदळत होत्या. सीया म्हणजे आजोबा. आप्पांचे कान लाल झाले. पण पुंची अम्मा उठून बसल्यावर त्यांनी कंगवा परत तिच्या हातात दिला.

निघायच्या बऱ्याच आधीपासून ते रोज जेवताना मुलांना सांगत होते, की मी जाणार आहे, अमुक दिवशी जाणार आहे, आणि पुंची अम्मा इथंच आहे. मुलं आधी गप्प व्हायची, मग विचारायची, मग त्यांना ते पाठ झालं. निघालो त्या सकाळी मागच्या अंगणात क्रिकेट चाललं होतं. आम्ही पिशव्या घेऊन उभे राहिलो. आप्पा म्हणाले, "मम यनवा." मी जातो. मुलं धावत आली, गुडघे टेकून पाया पडली, हात हलवले. एका मुलीनं पुंची अम्माच्या कमरेला मिठी मारूनच आम्हाला टाटा केला. आणि आम्ही फाटक ओलांडतो न ओलांडतो, तोच मागं चेंडू फळीला लागल्याचा आवाज आला आणि मुलांचा गलका उठला. मला ते लागलं. तीन महिने जीव ओतला होता. आप्पांकडं पाहिलं, तर ते समुद्राच्या वाऱ्यात मान वर करून, लांब ढांगा टाकत चालले होते.

दौंडला परतलो, तेव्हा फलाटावर पुन्हा सगळी जमली होती. या खेपेला गर्दी जास्त होती. आमची गाडी थांबायच्या आधीच लोक डब्याबरोबर धावायला लागले. हार पडले, ढोलकी वाजली. आत्यानं गर्दीतून पुढं येऊन आप्पांना विचारलं, "आप्पा, पोरं लई रडली आसतील न्हाई तुमी निघताना?"

सगळे ऐकायला पुढं सरसावले.

"एक बी रडलं न्हाई!" आप्पा छाती फुगवून म्हणाले.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. ढोलकीवाल्याचा हात थांबला. विहाराचे एक वयस्क सभासद पुढं झाले, त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात फिरवला आणि हळू आवाजात समजूत घातली, "जाऊ द्या आप्पा. परकी पोरं. मनाला लावून घेऊ नका."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, मग खांदे, आणि मग ते दौंडच्या त्या फलाटावर, गळ्यात झेंडूचे हार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईतोवर मोठमोठ्यानं हसत राहिले. मीही त्यांच्याबरोबर हसत सुटले. आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्याविषयी कुणी विचारलं, की मला आधी ते हसणंच ऐकू येतं.